अनुमानाचे औषध होऊ नये

पोटाची तक्रार घेऊन गेलेल्या प्रौढ माणसाच्या हाती तपासणीचा जो अहवाल पडतो, त्यात हल्ली कधीकधी ‘डायव्हर्टिक्युलोसिस’ असा एक लांबलचक शब्द आढळतो. शब्दाचा अर्थ समजण्यापूर्वीच घरात घबराट पसरते. कोणी बिया वर्ज्य करावयास सांगतो, कोणी औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून देतो, आणि अलीकडे त्यात ‘आतड्यातील चांगले जंतू’ पुरविणाऱ्या कॅप्सुलांची भर पडली आहे. या विकारामागे आतड्यातील जंतूंचा हात असावा, असा तर्क वैद्यकीय जगात गेली काही वर्षे मांडला जात आहे. तो विचारार्ह आहे यात शंका नाही. परंतु तर्क सिद्ध होण्याआधीच त्याची विक्री सुरू व्हावी, हे आम्हांस चिंतेचे वाटते.

प्रथम विकाराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. मोठ्या आतड्याच्या स्नायूंच्या थरातून जेथे रक्तवाहिन्या आत शिरतात, तेथे भिंत स्वभावतःच दुबळी असते. अशा ठिकाणी आतील अस्तर बाहेर ढकलले जाऊन लहान लहान पिशव्या तयार होतात. पाश्चात्त्य देशांत साठी ओलांडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांच्या आतड्यात त्या सापडतात, आणि बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. या पिशव्यांना सूज आली म्हणजे त्यास डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. पिशव्या असलेल्या शंभर जणांत पाचांहूनही कमी लोकांवर ही पाळी येते. मात्र ज्यांच्यावर येते त्यांपैकी काहींच्या आतड्यास छिद्र पडते, पू साठतो आणि जिवावर बेतते. तेव्हा खरा प्रश्न असा की, उरलेले पंचाण्णव जण सुखरूप राहत असता या मोजक्यांच्याच वाट्याला हे दुखणे का यावे?

या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास उद्बोधक आहे. एकेकाळी अशा रुग्णांना चोथा नसलेले मऊ अन्न देण्याची प्रथा होती. १९७१ साली नील पेंटर आणि युगांडात दीर्घकाळ काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून हा समज पार उलटा केला. चोथा काढून टाकलेल्या पाश्चात्त्य आहारामुळेच आतड्यातील दाब वाढतो आणि पिशव्या होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील चार दशके जगाने ते जवळजवळ वेदवाक्य मानले. मग २०१२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात दोन हजारांहून अधिक लोकांची आतडी दुर्बिणीने तपासली गेली, आणि भरपूर चोथा खाणाऱ्यांत पिशव्या कमी तर नाहीतच, उलट किंचित जास्तच आढळल्या! दुसरीकडे, त्याआधी एक वर्ष प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील सत्तेचाळीस हजार लोकांच्या पाहणीत, या विकारापायी रुग्णालयात जाण्याचा वा मृत्यूचा धोका शाकाहारी माणसांत ३१ टक्क्यांनी कमी दिसला होता. याचा अर्थ इतकाच लावता येतो की, चोथ्यामुळे पिशव्या होण्याचे टळत नसेल, पण झालेल्या पिशव्यांचे दुखणे होण्याचा धोका तो बहुधा कमी करीत असावा.

बियांचीही हीच गत झाली. बी पिशवीत अडकते आणि सूज आणते, या समजुतीपायी कित्येक रुग्णांनी शेंगदाणे व मका यांना वर्षानुवर्षे स्पर्श केला नाही. २००८ साली अमेरिकेत सत्तेचाळीस हजार पुरुषांच्या अठरा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा या भीतीला काही आधार नसल्याचे दिसून आले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार होता.

जंतूंचा तर्क या पार्श्वभूमीवर पुढे आला आहे. आपण जो चोथा पचवू शकत नाही तो मोठ्या आतड्यातील जंतू आंबवितात, आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले निर्माण होतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ती पोषण करतात व दाह आटोक्यात ठेवतात. आहार निकृष्ट झाला की उपकारक जंतू घटतात, अस्तर दुबळे होते, आणि पिशव्यांच्या ठिकाणी दाह धुमसू लागतो, अशी ही मांडणी आहे. ती सुसंगत आहे. पण सुसंगत असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते. इटलीतील संशोधकांना २०१७ साली दाह शमविणारे काही जंतू अशा रुग्णांत कमी आढळले, परंतु तपासलेले रुग्ण मोजकेच होते. लगेच पुढल्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनातील संशोधकांनी पिशव्या असलेल्या २२६ व नसलेल्या ३०९ जणांच्या आतड्यांच्या अस्तरावरील जंतू ताडून पाहिले, तो दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. सूज आलेल्या रुग्णांत फरक आढळला, तरी तो सुजेचे कारण की परिणाम, हे ठरविणे कठीण. आहार बदलला, औषध घेतले, की जंतूंची वस्ती बदलते. घर जळाल्यावर माणसे अंगणात जमलेली दिसली, म्हणून त्यांनीच आग लावली असे म्हणता येत नाही.

या संदर्भात अँटिबायोटिकचा अनुभव विशेष विचार करण्यासारखा आहे. जंतूच सरळ सरळ गुन्हेगार असते, तर त्यांना मारून रोगी लवकर बरा व्हावयास हवा होता. अनेक दशके याच भरवशावर ही औषधे सरसकट दिली गेली. २०१२ साली स्वीडन व आइसलंड येथील ६२३ रुग्णांवर, आणि २०१७ साली नेदरलंड्समधील ५२८ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत, गुंतागुंत नसलेल्या सुजेत ती दिल्याने रुग्ण अधिक लवकर बरे झाल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष स्कॅनने खात्री करून घेतलेल्या सौम्य दुखण्यापुरताच आहे. छिद्र, पू किंवा रक्तात पसरलेला संसर्ग असेल, किंवा रोग्याची प्रतिकारशक्तीच क्षीण असेल, तर तीच औषधे प्राण वाचवितात. तीव्र वेदना, ताप वा शौचावाटे रक्त दिसताच रुग्णालय गाठावे. तेथे घरगुती शहाणपणाला वाव नाही.

परंतु आमच्याकडे परिस्थिती कोणती आहे? महत्त्वाच्या अँटिबायोटिक औषधांना शेड्यूल एच-१ खाली आणून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन मार्च २०१४ पासून लागू आहे. तरीही ‘पोट बिघडले आहे’ एवढ्या शब्दांवर चार गोळ्या हातावर ठेवणारे दुकानदार आणि त्या मुकाट्याने गिळणारे ग्राहक आपल्या ओळखीत नाहीत, असे कोणता वाचक म्हणू शकेल? अशाने आतड्यातील वस्तीची नासधूस होते आणि औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे बळावतात. मग ही नासधूस भरून काढण्यासाठी दुसरी बाटली विकत घ्यायची! या विकाराची पुनरावृत्ती टाळण्यासाठी जंतूंच्या कॅप्सुला वापरू नयेत, असा सल्ला अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्येच दिला आहे, हे जाहिरातीत कोणी छापणार नाही.

आमच्या आजीची पेज हे या विकारावरील औषध आहे, असा दावा आम्ही करणार नाही. एका अनुमानाच्या जागी दुसरे बसविण्यात अर्थ नाही. पण कुळीथ, अळसांदे, नाचणी, तांबडी भाजी ही आपल्या स्वयंपाकघरातील चोथायुक्त अन्ने स्वस्त आहेत आणि परिचित आहेत. त्यांना ताटातून हद्दपार करून तीच उणीव कॅप्सुलांनी भरून काढणे हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. वजन आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, तंबाखू सोडणे, तांबडे मांस बेताने खाणे आणि वेदनाशामक गोळ्या सल्ल्यावाचून न घेणे, एवढ्या गोष्टींना आज पुराव्याचा आधार आहे.

आणखी एक गोष्ट. यातील बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेतील माणसांवर झाले आहे. तिकडे या पिशव्या प्रामुख्याने आतड्याच्या डाव्या भागात होतात, तर पूर्व आशियात त्या उजव्या बाजूस अधिक आढळतात. परक्या आतड्यांवरून आपले निदान करावयाचे किती दिवस? १८४२ पासूनची वैद्यकशिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या गोव्यात आपल्या रुग्णांच्या आहाराच्या, औषधांच्या आणि तपासणीच्या नोंदी पद्धतशीरपणे एकत्र केल्या गेल्या, तर त्याचा लाभ साऱ्या किनारपट्टीला होईल. शासनाने त्यासाठी थोडा पैसा आणि पुष्कळ धीर दाखविला पाहिजे. औषध प्रशासनाने शेड्यूलची अंमलबजावणी कागदावरून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आणली पाहिजे. आणि वाचकांनी, अहवालातील लांब शब्द पाहून दुकानाकडे धाव घेण्याआधी, आपल्या डॉक्टरला एवढे विचारावे: हे औषध मला खरोखरच हवे आहे काय?