बायकांचे मैदान बारा बाय आठच का?

पकडापकडीच्या खेळात घरातले सगळ्यांत लहान पोर रडत आले की त्याला लिंबूटिंबू करतात. त्याच्यावर राज्य येत नाही. तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत. पण त्याने कुणाला शिवले तर तेही धरत नाहीत, हे मात्र आपण विसरतो. नांदेड-लातूरच्या गावोगावी जयंत्या, यात्रा, गणेशोत्सव यांच्या निमित्ताने ज्या हौशी स्पर्धा होतात, त्यांत बायकांना मिळणारी सवलत नेमकी या जातीची आहे.

सवलत मुळात वाईट नसते. प्रश्न असा आहे की ती कशाच्या मोजमापावर देता? इथे मी एका परक्या खेळाचे उदाहरण घेते, गोल्फचे. तो श्रीमंतांचा खेळ आहे, आणि आमच्या भागातल्या बहुतेक बायकांनी तो टीव्हीवरसुद्धा धड पाहिलेला नाही. आपल्याकडे ‘हँडिकॅप’ म्हटले की एस.टी.च्या सवलतीचा दाखला आठवतो. गोल्फमध्ये हँडिकॅप हा प्रत्येक हौशी खेळाडूच्या नावापुढचा आकडा असतो. चांगल्या खेळाडूपेक्षा तुम्हाला साधारण किती फटके जास्त लागतात, ते तो सांगतो, आणि सामन्यात तेवढे फटके वजा करून मिळतात. हा आकडा कुणाच्या मर्जीने ठरत नाही. शेवटच्या २० खेळ्यांतल्या सर्वोत्तम ८ खेळ्या घेऊन, मैदान किती अवघड होते ते धरून सरासरी काढतात. खेळ सुधारला की आकडा उतरतो. २०२० पासून ही एकच पद्धत जगभर लागू झाली. तिच्यात कमाल मर्यादा ५४ आहे, बाईलाही आणि पुरुषालाही. मैदानाची अवघडता बायकांसाठी वेगळी काढतात हे खरे, पण तीही मोजून काढतात. ढोबळ हिशेबाने बाईचा आकडा १२ आणि पुरुषाचा २० असेल, तर आठ फटक्यांची सूट तिने त्याला द्यायची! आपल्या सरपंचांना हे पचेल का?

गोल्फवाले काही संत नव्हेत. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट हा क्लब १७५४ चा, आणि बायकांना सभासद करून घ्यायचे त्याने ठरवले २०१४ मध्ये. म्हणजे दोनशे साठ वर्षे दारच बंद. पण दार उघडल्यावर आत निदान वही-पेन्सिल घेऊन हिशेब होतो.

आता आपली कबड्डी घ्या. आमच्याकडच्या स्पर्धा ज्या नियमांवर चालत आल्या त्यांत पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, बायकांचे १२ बाय ८. म्हणजे १३० चौरस मीटरच्या जागी ९६. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांचा, बायकांचा पंधरा-पंधरा. का, असे विचारले की ‘बायकांना झेपत नाही’ हे उत्तर येते. कोणी मोजले? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात घरोघरचे हंडे कोणी वाहिले? तेव्हा पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवायला कुणी पंच उभा नव्हता.

मोजून दिलेल्या सवलती कबड्डीतही आहेत, आणि त्या उत्तम आहेत. वजनाची मर्यादा ही त्यातली एक. तिथे प्रत्येकीला काट्यावर उभे करतात. दुसरी अव्वल पकड. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड केली तर एक गुण जादा मिळतो. संकट खरे आहे आणि डोळ्यांसमोर आहे, म्हणून गुण. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव गोळाफेकीत एफ ३४ या गटात खेळतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी त्या एक होत्या. हा गट कुणाची दया येऊन मिळत नाही. शरीराची कोणती हालचाल किती होते, ते जाणकार तपासतात आणि गट ठरवतात. बायकांच्या बाबतीत मात्र ‘बाई’ एवढे एकच निदान पुरते.

‘मग उतरा की पुरुषांच्या संघाविरुद्ध!’ असे कुणीतरी मागून ओरडतेच. बायकांचा गट वेगळा ठेवायला आमची हरकत नाही, तो राहिलाच पाहिजे. वेगळा गट म्हणजे लहान मैदान, कमी वेळ आणि अर्धे बक्षीस, हे समीकरण आम्हाला मान्य नाही. ते वरपासून खालपर्यंत झिरपलेले आहे. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये आली, बायकांची २०१० मध्ये. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. बायकांची तशी स्पर्धा २०१६ मध्ये तीन संघांवर उरकली आणि पुढे चाललीच नाही.

आणि जिथे खरी अडचण आहे तिथे सूट शून्य. मुलगी सकाळी पाणी, भाकरी, धाकटी भावंडे आवरून मैदानावर येते. तिच्या पायात बूट नसतात. मैदानाजवळ मुतारी नसते, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही आणि भर उन्हात खेळते. कारण दिव्यांचा उजेड आणि संध्याकाळची गर्दी पुरुषांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेली असते. पाळीच्या दिवसांचे तर नावच नको. दिवाळीनंतर मुखेड-कंधारकडची, अहमदपूर-जळकोटकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात. यात्रा आणि स्पर्धांचा हंगामही तेव्हाच असतो. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट आहेत. एकोणिसाव्या वर्षानंतर मुलगी कुठल्या गटात जाते, ते आपण सगळ्याजणी जाणतो.

या सगळ्यात स्पर्धेच्या पद्धतीकडे कुणी पाहत नाही. पुरुषांचे सोळा-वीस संघ येतात, बायकांचे चार. मग बायकांसाठी ‘बाद पद्धत’ ठेवतात, एका दुपारीत आटोपते म्हणून. घरी महिनाभर भांडून परवानगी काढलेली, एस.टी.ने तीन तास आलेली पोर तीस मिनिटे खेळते आणि हरली की परत. चार संघांची साखळी लावली तर प्रत्येक संघाला तीन सामने मिळतात. एकूण सामने होतात सहा. सहा सामन्यांना जागा आणि वेळ नसतो, मग पाहुण्यांच्या सत्काराला दोन तास कुठून येतात? खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. तिथवर पोचायला राज्य पातळीचे प्रमाणपत्र लागते, आणि तसा खेळ वर्षाकाठी तीस मिनिटे खेळून येत नाही.

मुलीच येत नाहीत, अशीही तक्रार असते. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे खो-खोसाठी २०२० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. त्या काही आकाशातून पडल्या नव्हत्या. मैदान मिळाले, सराव मिळाला, सामने मिळाले.

म्हणून आपल्या गटांनी यंदा एक काम घ्यावे. तालुक्यात स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाकडे, यात्रा समितीकडे आणि जिल्हा परिषदेकडे लेखी मागणी द्यावी. पुरुषांइतकेच मैदान आणि तेवढाच वेळ. ज्या संघांना कमी हवे त्यांनी आपसांत ठरवून मागावे. साखळी सामने. सारखे बक्षीस. निदान अंतिम सामना दिव्यांखाली. कपडे बदलायला आडोसा आणि मुतारी. लग्न झालेल्यांसाठी आणि एकोणिसावर वय असलेल्यांसाठी गट, नाव नोंदवताना नवऱ्याची सही न मागता. माळेगावची यात्रा मार्गशीर्षात भरते. तिथे कुस्त्यांचा फड किती थाटाने होतो ते आपण पाहतोच, तेव्हा खर्चाची सबब ऐकून घेऊ नये. आणि हे सगळे पत्रक छापायला जाण्याआधी करायचे. एकदा फ्लेक्स लागला की ‘आता पुढच्या वर्षी बघू, ताई’ हे उत्तर तयारच असते.