नाव नको, काम सांगा

राफाएल बेनिटेझनं जून २००४ मध्ये व्हॅलेन्सिया सोडलं ते खेळाडूंच्या खरेदीवरून क्लबशी बिनसल्यामुळे. आपण मागितला सोफा आणि यांनी आणून ठेवला दिवा, अशा अर्थाची त्याची तक्रार तेव्हापासून फुटबॉलमध्ये म्हणीसारखी चालते. एखादा मॅनेजर हरायला लागला की त्याचे कैवारी ती हटकून पुढे करतात. संघ कसा खेळणार हे मॅनेजर ठरवतो, हरला तर नोकरी त्याची जाते, मग खेळाडू निवडायचा हक्क दुसऱ्याला कसा, हा त्यांचा सवाल. वरवर बिनतोड आहे. पण हे कैवारी एक गोष्ट सांगायची विसरतात. ज्या २००३-०४ च्या मोसमानंतर बेनिटेझ चिडून गेला, त्याच मोसमात त्यानं ला लिगा आणि यूएफा चषक दोन्ही जिंकले होते. सोफा आला नाही, दिव्यावरच भागवलं होतं.

यावर दुसरा पक्ष टाळ्या वाजवेल. मॅनेजरनं सराव घ्यावा, अकरा जण निवडावेत आणि खरेदीचं वरच्यांवर सोडावं, असं या पक्षाचं म्हणणं. मॅनेजर दोन वर्षांत जातो, खेळाडूचा करार चार-पाच वर्षांचा असतो. जाणाऱ्याच्या हौसेचे पैसे राहणाऱ्यानं का भरावेत? हा हिशेबही खोटा नाही. पण या मंडळींनी त्याच मोसमातलं रेआल माद्रिद बघावं. २००३ च्या उन्हाळ्यात अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ यांनी लीग जिंकून देणाऱ्या व्हिसेन्ते देल बोस्केला निरोप दिला, डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि क्लोद माकेलेलेला चेल्सीला विकून टाकलं. माकेलेले गोल करत नसे आणि त्याच्या नावाचे शर्टही खपत नसत. बचावफळीच्या पुढे उभं राहून चेंडू हिसकावायचा आणि जवळच्या माणसाच्या पायात द्यायचा, एवढंच तो करी. झिदान, फिगो, रोनाल्डो यांना मागे धावत यायची वेळ येऊ नये म्हणून तो संघात होता. तो गेला आणि त्या मोसमातले शेवटचे पाच लीग सामने ओळीनं हरून माद्रिद चौथ्या क्रमांकावर घसरलं. त्या माणसाचं काम सरावाच्या मैदानावरून दिसत होतं. अध्यक्षांच्या दालनातून दिसत नव्हतं.

माझं म्हणणं दोन्ही पक्षांना रुचणार नाही. कोणता खेळाडू घ्यायचा, हे नाव शोधणं मॅनेजरचं काम नाही. त्या खेळाडूनं मैदानावर काय करायचं, हे ठरवणं मात्र फक्त त्याचंच काम आहे. आणि शोधून आणलेलं नाव त्या कामाला बसत नसेल तर ‘नको’ म्हणायचा शेवटचा अधिकारही त्याचाच असला पाहिजे.

पूर्वीचे मॅनेजर सगळं एकहाती करायचे, असं इंग्लंडमधले जुने जाणते सांगतात आणि ब्रायन क्लफचं नाव घेतात. घेताना पीटर टेलरचंही घ्यावं. डर्बीत आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये माणूस हेरायची नजर टेलरची आणि त्याच्याकडून खेळ काढून घ्यायची हातोटी क्लफची, अशी ती जोडी होती. या जोडीनं १९७२ मध्ये डर्बीला आणि १९७८ मध्ये फॉरेस्टला लीग जिंकून दिली, पुढे १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन चषक आणले. मध्ये १९७४ साली क्लफ टेलरविना लीड्सला गेला, तिथून त्याला ४४ दिवसांत नारळ मिळाला. त्याला कारणं इतरही होती, मान्य. पण १९८२ मध्ये टेलर फॉरेस्ट सोडून गेल्यावर क्लफ तिथे आणखी अकरा वर्षं होता आणि ना लीग परत आली, ना युरोपियन चषक. एकहाती कारभाराचं दैवत म्हणून ज्याला पुजतात, त्याचे हात चार होते.

आता लिव्हरपूल. हे प्रकरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं सांगतात, म्हणून जरा थांबून पाहायला हवं. ब्रेंडन रॉजर्स मॅनेजर असताना खरेदी एक समिती ठरवत असे. तोही तिच्यात होता. २०१५ च्या उन्हाळ्यात रॉजर्सला हवा होता अ‍ॅस्टन व्हिलाचा क्रिस्तियान बेन्टेके, म्हणजे उंच, दणकट, क्रॉसवर डोक्यानं गोल करणारा आघाडीवीर. समितीतल्या विश्लेषकांना हवा होता होफेनहाइमचा रोबेर्तो फिर्मिनो. वाद मिटला कसा? दोघांनाही घेऊन. एकाला ३ कोटी २५ लाख पौंड, दुसऱ्याला सुमारे २ कोटी ९० लाख. एक तुझा, एक माझा. बेन्टेकेला लागतात तसे क्रॉस पुरवणं हा त्या संघाचा खेळ नव्हता आणि समितीच्या फिर्मिनोला रॉजर्सनं कडेला नेऊन उभं केलं. ऑक्टोबरात रॉजर्सची गच्छंती झाली, युर्गन क्लॉप आला. त्यानं फिर्मिनोला मधोमध आणलं. प्रतिस्पर्धी बचावपटूंवर पहिली झडप यानं घालायची, चेंडू मिळाला की मागे सरकायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत कडेच्या दोघांनी घुसायचं. बेन्टेके वर्षभरात क्रिस्टल पॅलेसला विकला गेला.

यातून समिती शहाणी आणि मॅनेजर अडाणी असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. फिर्मिनो ऑगस्टमध्ये जो होता तोच नोव्हेंबरमध्येही होता. बदललं ते त्याला सांगितलेलं काम. ते काम विश्लेषकांच्या आकड्यांनी सांगितलं नव्हतं, मॅनेजरनं सांगितलं होतं.

दोन वर्षांनी हेच उलट बाजूनं घडलं. २०१७ मध्ये क्लॉपच्या मनात लेव्हरकुसेनचा युलियान ब्रान्ट होता. क्लबची खरेदी पाहणारा मायकेल एडवर्ड्स आणि त्याचे स्काउट रोमाच्या मोहम्मद सालाहवर अडून बसले. चेल्सीत संधीअभावी बसून राहिलेला हा खेळाडू, त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा होती. पण ते क्लॉपच्या कानीकपाळी ओरडत राहिले, हे पुढे त्यानंच मोकळेपणानं सांगितलं. इथे वाद नावावर होता, कामावर नव्हता. फिर्मिनोनं रिकाम्या केलेल्या जागेत वेगानं घुसणारा माणूस हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि त्या एकमतामुळेच नावावर भांडता आलं. सालाहनं पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३२ गोल केले. ३८ सामन्यांच्या मोसमातला तेव्हाचा तो विक्रम.

आणि क्लॉपनं ‘नको’ म्हटलं असतं तर? सालाह हातचा गेला असता. अधिकार दिला की त्याचा चुकीचा वापरही होणार. तरी ती किंमत मोजावी, कारण नको असलेला खेळाडू मॅनेजरच्या गळ्यात बांधला की त्याचं काय होतं, हे रॉजर्सच्या फिर्मिनोनं दाखवलंच आहे.

नावाच्या मागे धावलं की काय होतं, याचा धडा मँचेस्टर युनायटेडनं भरपूर पैसे मोजून दिला. २०२२ मध्ये एरिक टेन हाग आला आणि क्लबनं त्याच्या ओळखीच्या नावांचा पिच्छा धरला. सगळा उन्हाळा बार्सिलोनाच्या फ्रेंकी डी याँगच्या मागे गेला. डी याँग बचावपटूंकडून चेंडू घेतो आणि स्वतः पुढे घेऊन निघतो. तो आला नाही, म्हणून आणला कासेमिरो, ज्याची ख्याती चेंडू हिसकावण्याची. दोघेही मधल्या फळीतले, साम्य इथेच संपतं. कासेमिरो पहिल्या वर्षी उत्तम खेळला, २०२३ च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं गोलही केला. दोष त्याचा नव्हता. पण हवं असलेलं काम करणारा माणूस मिळाला नाही तो नाहीच. टेन हागच्याच जुन्या आयाक्सचा आन्तनी तर साडेनऊ कोटी युरोंना घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेन हागला काढलं, रुबेन आमोरिम ३-४-२-१ ही रचना घेऊन आला. तिच्यात टचलाइनला चिकटून खेळणाऱ्या विंगरला जागाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये आन्तनी उसनवारीवर रेआल बेटिसला रवाना झाला.

मँचेस्टरच्याच दुसऱ्या क्लबात, सिटीतही मॅनेजरची पहिली निवड फसली होती. पायानं डाव सुरू करणारा गोलरक्षक हवा म्हणून पेप ग्वार्दिओलानं २०१६ मध्ये जो हार्टला बाजूला करून क्लाउदियो ब्राव्होला आणलं, आणि ब्राव्होचं पहिलं वर्ष वाईट गेलं. पण मागणी बरोबर होती, त्यामुळे क्लबनं मागणी तीच ठेवून नाव बदललं. २०१७ मध्ये एदेरसन आला आणि त्या मोसमात सिटीनं लीगमध्ये १०० गुण मिळवले.

मॅनेजरच्या पक्षाला सर्वांत भक्कम पुरावा खरं तर आपल्याकडेच सापडेल. सेर्जिओ लोबेरानं एफसी गोवाला २०१७ पासून मागून पास देत खेळायची सवय लावली. २०२० मध्ये तो मुंबई सिटीत आला आणि त्याच वर्षी गोव्याचे ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि अस्सल गोवेकर मंदार राव देसाई हेही मुंबईकर झाले. त्या मोसमात मुंबईनं आयएसएलची शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळते ती) आणि चषक दोन्ही जिंकले, चषक तर गोव्यातच, फातोर्ड्यावर. (करोनामुळे स्टेडियम रिकामं होतं, गोवेकरांना ते समोर बसून पाहावं लागलं नाही, एवढंच बरं.) मॅनेजर आणि त्याची माणसं एकत्र आणा, काम फत्ते, असंच कुणीही म्हणेल.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशाला गेला, जाहू आणि फॉलही त्याच्या मागोमाग तिकडे गेले. ओडिशा चौथ्या क्रमांकावर राहिली आणि उपांत्य फेरीत हरली. लोबेरा गेल्यानंतर मुंबईत डेस बकिंगहॅम आला, त्यानं २०२२-२३ ची शील्ड जिंकली; मग पेत्र क्रात्की आला. २०१९ पासून २०२५ पर्यंत हा क्लब मँचेस्टर सिटीच्याच सिटी फुटबॉल ग्रुपच्या मालकीचा होता. प्रशिक्षक बदलले तरी बचावपटूनं काय करायचं, मधल्या फळीनं चेंडू कुठून उचलायचा, ही मागणी फारशी बदलली नाही. फॉल गेल्यावर बचावासाठी क्लबनं टिरीला घेतलं. हा तोच टिरी, ज्यानं २०२१ च्या फातोर्ड्यावरच्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानकडून खेळताना स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घालून मुंबईला बरोबरी मिळवून दिली होती. दबावातही मागून डाव उभारणं त्याला जमतं, क्लबला तेवढं पुरेसं होतं. ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेकवर मुंबईनं मोहन बागानला ३-१ असं हरवून चषक नेला, लोबेरा, जाहू आणि फॉल यांच्याविना.