पाठवणीला पैसे आहेत, स्वागताला नाहीत



अबकैकचे नाव जगाने ऐकले ते १४ सप्टेंबर २०१९ रोजी. त्या पहाटे तिथल्या तेल-प्रक्रिया केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला. दिवसाला सुमारे ५७ लाख बॅरल, म्हणजे सौदी अरेबियाचे जवळजवळ निम्मे उत्पादन, थांबले आणि सोमवारी बाजार उघडताच तेलाचे भाव उसळले. पुढचे काही आठवडे भाव, विमा, क्षेपणास्त्र-रोधी यंत्रणा या सगळ्यांवर चर्चा झाली. त्या केंद्राच्या आसपास, कंत्राटदारांच्या कॅम्पांत झोपलेल्या हजारो परदेशी कामगारांना भोंगा वाजल्यावर कुठे जायचे हे कुणी, कोणत्या भाषेत सांगितले होते, हा प्रश्न काही त्या चर्चेत आला नाही.

आम्हाला आज त्याच प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. परक्या देशात नव्याने उतरलेल्या माणसाला रस्ता दाखवायचे काम कुणाचे, आणि त्याचा खर्च कुणी करायचा?

दहरानपासून साधारण साठ किलोमीटरवरच्या या गावात दोन प्रकारचे नवखे भारतीय येतात. पहिला पुण्याहून, ठाण्याहून किंवा बडोद्याहून थेट कंपनीच्या नोकरीवर आलेला. त्याला घ्यायला गाडी येते. कुंपणाच्या आत घर, दवाखाना, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव असतो. इकाम्याचे कागद कचेरीतला माणूस करून देतो, बँकेचे खाते उघडून देतो, वाहन परवान्याच्या रांगेत कुठे उभे राहायचे तेही सांगतो. कॅनडात ज्याला सरकारी मदत म्हणतात ती इथे कंपनी देते, आणि छान देते. आपले बहुतेक वाचक याच वर्गातले. आपल्याला मिळते ती 'सेवा' आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. ती आपल्या हुशारीचा भाग वाटते.

दुसरा नवखा महाड, खेड, सिवान किंवा करीमनगरहून येतो. वेल्डर, पाइप फिटर, हेल्पर. तो मूळ कंपनीचा नोकर नसतो, कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराचा असतो. दहावी झालेली नसेल तर १९८३च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे त्याच्या पासपोर्टाला सरकारी परवानगी लागते. एजंटाने सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढेच घ्यावे असा नियम आहे. प्रत्यक्षात किती जातात ते मुंबईतल्या एजंटांच्या कचेऱ्यांबाहेर उभ्या असलेल्या कुणालाही विचारावे. म्हणजे हा माणूस उतरतो तो कर्ज घेऊनच. त्याला मिळतो तो कॅम्पातला पलंग, अरबी आणि इंग्रजीत छापलेला करार, आणि आधी आलेल्या गाववाल्याने सांगितलेल्या चार गोष्टी. त्यातल्या दोन चुकीच्या असतात.

आता कुणी म्हणेल, हे सौदी सरकारचे काम. तत्त्वतः मान्य. पण ज्या देशात परदेशी माणूस कायमचा राहणारच नाही असे गृहीत धरलेले आहे, तो देश त्याचे बस्तान बसवायला पैसे का खर्च करील? उलट तो त्याच्याकडून घेतो. जुलै २०१७पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबित माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झाले, दरवर्षी शंभराने वाढत २०२०मध्ये ते ४००वर गेले. बायको आणि दोन मुले असतील तर वर्षाला १४,४०० रियाल. तेव्हा कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांनी बायकामुलांना परत धाडले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. २०१९मध्ये कायम वास्तव्याचा परवानाही निघाला; किंमत आठ लाख रियाल.

अर्थात हे कधी बदलतच नाही असेही नाही. ऑक्टोबर १९५३मध्ये तेलकंपनीच्या सौदी कामगारांनी मोठा संप केला. त्या काळी वातानुकूलित बंगले अमेरिकनांना, मधली वस्ती भारतीय-पाकिस्तानी-इटालियन कारकून आणि कारागिरांना, आणि सौदी मजूर सर्वांत खालच्या वस्तीत, अशी उतरंड होती. पगार, राहणीमान आणि संघटनेचा हक्क हे संपाचे मुद्दे होते. पुढे १९५६मध्ये राजाज्ञेने संपावरच बंदी आली. पण सौदी कामगारांना घरे, शिक्षण, प्रशिक्षण यांत जे मिळाले त्यात या धगीचा वाटा होता. आज त्या तळच्या वस्तीच्या जागी आपली माणसे आहेत, आणि त्यांना संप करता येत नाही.

म्हणून प्रश्न येतो तो आपल्या सरकारकडे. दिल्ली काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला आणि २०१७मध्ये त्याचे नियम सैल केले गेले. अडकलेल्याला तिकीट, आजाऱ्याला उपचार, तुरुंगातल्याला वकील, मृतदेह घरी पाठवणे, अशी कामे त्यातून होतात. २०१६मध्ये जेद्दामधल्या एका मोठ्या बांधकाम कंपनीने महिनोन्‌महिने पगार थकवले आणि हजारो भारतीय कॅम्पांत उपाशी राहिले, तेव्हा वकिलातीने धान्य पोचवले, राज्यमंत्री तिथे गेले, माणसे परत आणली. हे काम मोलाचेच आहे.

पण हा निधी येतो कुठून? आपण पासपोर्ट नवा करतो, एखादा कागद साक्षांकित करून घेतो, तेव्हा वकिलातीच्या शुल्कावर एक छोटी रक्कम वेगळी लावलेली असते. ती या निधीत जाते. म्हणजे सरकारी म्हणून जो दाखवला जातो तो निधी मुख्यतः स्थलांतरितांनीच भरलेला आहे. अबकैकच्या वेल्डरने पासपोर्टासाठी भरलेल्या रियालांतून अबकैकच्या वेल्डरचा मृतदेह घरी जातो. विमा योजनेचेही तेच. प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा परवानगी लागणाऱ्या कामगारांना सक्तीचा आहे. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. स्वस्त आहे, चांगला आहे, आणि तो कामगारच भरतो. २०२०मध्ये 'वंदे भारत'ची विमाने सुटली तेव्हा तिकिटे प्रवाशांनीच काढायची होती. ज्यांची नोकरी गेली आहे त्यांना तरी या निधीतून तिकीट द्या, एवढे मागायला लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि तो पैसा खर्च होतो कधी? माणूस बुडाल्यावर. तिकीट, तुरुंग, शवपेटी. सगळा खर्च पाठवणीचा. आल्या दिवशीचा खर्च जवळजवळ नाही. २०१८पासून प्रस्थानापूर्वी एका दिवसाचे प्रशिक्षण सुरू झाले आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे, पण एक दिवस! मुंबईत विमानाची वाट पाहत बसलेल्या माणसाला त्या दिवशी करारातले काय डोक्यात राहणार? प्रश्न पडतात ते पोचल्यावर.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे मार्च २०२१मध्ये लागू झालेली सौदी कामगार-सुधारणा. पहिले वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला नोटीस देऊन, मालकाच्या परवानगीशिवाय, नोकरी बदलता येते. घरकामगारांना आणि काही इतरांना यातून वगळले, ती मोठी उणीव आहेच. पण वेल्डरला हा हक्क मिळाला. तो वापरायचा सरकारी संकेतस्थळावरून, ज्यासाठी स्वतःच्या नावाचे सिमकार्ड, स्वतःचे खाते, नोंदवलेला करार आणि थोडे तरी वाचता येणे लागते. कॅम्पात कित्येकांच्या फोनचा पासवर्ड कॅम्प-बॉसला किंवा दुकानदाराला ठाऊक असतो. ज्याला हे कुणी समजावलेले नाही तो पगार थकल्यावर काय करतो? काम सोडून मित्राकडे जातो. मालक 'हुरूब' म्हणजे पळून गेल्याची नोंद करतो, आणि कालपर्यंत फिर्यादी असलेला माणूस आज गुन्हेगार ठरतो. मग कल्याण निधी पुढे येतो, दंड आणि तिकीट बघतो. पहिल्या महिन्यात कुणी त्याच्याशी दोन तास बोलले असते तर हे सारे टळले असते.

"आपण करूया की, वर्गणी काढून!" ही आपली नेहमीची प्रतिक्रिया, आणि तिच्यामागचा चांगुलपणा खरा आहे. पूर्व प्रांतात मल्याळी, तेलुगू, मराठी माणसे शुक्रवार खर्ची घालून शवागाराचे कागद करतात, दवाखान्यात दुभाषे होतात. पण सौदी अरेबियात परवान्याविना निधी गोळा करणे बेकायदा आहे. तेव्हा जे चालते ते एकेकाच्या ओळखीवर, एकेकाच्या खिशातून, आणि त्या माणसाची बदली झाली की बंद. शिवाय आमचा मूळ आक्षेप वेगळाच आहे. हक्काची माहिती ही दया म्हणून मिळण्याची वस्तू नव्हे. जे काम परदेशी भूमीवर अधिकृतपणे फक्त वकिलात करू शकते ते तिनेच केले पाहिजे.

टोरोंटोच्या आसपासच्या आमच्या वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. १९९५मध्ये कॅनडा सरकारने नव्याने येणाऱ्या प्रत्येक प्रौढावर ९७५ डॉलरचे शुल्क लादले, नवख्यांवरचा खर्च नवख्यांनीच उचलावा या विचाराने. त्यावर दहा वर्षे ओरड झाली आणि २००६मध्ये ते निम्म्यावर, ४९० डॉलरवर आले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. नोव्हेंबर २००५मध्ये ऑंटारिओ प्रांताने भांडून केंद्राकडून पाच वर्षांसाठी ९२ कोटी डॉलर, भाषावर्ग आणि नवागतांच्या सेवांसाठी, मान्य करून घेतले. क्वीबेकला माणशी जास्त मिळते, आम्हाला का नाही, हा मुद्दा प्रांताच्या सरकारने लावून धरला होता. तिथे नवखा उद्याचा मतदार असतो, हा फरक आम्ही विसरलेलो नाही. पण अबकैकचा वेल्डरही मतदारच आहे, फक्त महाडचा.

मग महाड ज्या राज्यात आहे त्या राज्याने काय केले? रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात आलेल्या पैशातला २०.५ टक्के वाटा महाराष्ट्रात आला, केरळपेक्षा किंचित जास्त. (मुंबईतल्या बँका, मुंबईतले उच्चभ्रू, वगैरे खुलासे आम्हाला ठाऊक आहेत; तरीही.) केरळात अनिवासी केरळीयांसाठी १९९६पासून स्वतंत्र खाते आहे, २००२पासून नोर्का-रूट्स आहे, कल्याण मंडळ आणि निवृत्तिवेतन आहे. तेलंगणाने २०२४मध्ये आखातात मरण पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना पाच लाखांची मदत जाहीर केली. महाराष्ट्रात इतके जुने, रुळलेले असे काही नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि तिथे जाणाऱ्या तरुणांना जर्मन भाषा शिकवण्याची जबाबदारी घेतली. चांगले झाले. म्हणजे जाणाऱ्याच्या भाषेवर सरकारी पैसा खर्च करता येतो हे तत्त्व मान्य आहे. मग रत्नागिरीच्या मुलाला अरबीतली शंभर वाक्ये शिकवायला तोच पैसा का चालत नाही? जर्मनी प्रतिष्ठेचा आणि आखात कमीपणाचे, एवढेच कारण असेल तर ते तसे लिहून टाकावे.

आमची मागणी फार मोठी नाही. प्रवासी भारतीय साहाय्य केंद्रांच्या यादीत रियाध आणि जेद्दा आहेत; रियाध अबकैकपासून तीनशेहून अधिक किलोमीटर आहे आणि कामगाराला सुटी एक दिवसाची. तसे केंद्र दम्माम-खोबर भागात हवे. तिथे मराठी, हिंदी, तेलुगू, मल्याळम बोलणारी पगारी माणसे हवीत, स्वयंसेवक नव्हेत. नव्याने आलेल्या प्रत्येक कामगाराशी पहिल्या नव्वद दिवसांत एकदा तरी, कॅम्पात जाऊन, त्याच्या करारासकट बोलणे झाले पाहिजे. हा खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पातून व्हावा, निम्मा राज्यांनी उचलावा. कल्याण निधीला हात लावू नये. त्याचा जमाखर्च मात्र वकिलातीच्या दारावर दर तिमाहीला लावावा, माहिती अधिकाराचे अर्ज करायला लावू नये.

ऑक्टोबर २०२५मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १९८३च्या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या प्रतिक्रियांसाठी खुला केला. अशा मसुद्यांवर एजंटांच्या संघटना लिहितात, वेल्डर लिहीत नाही. आपल्याला इंग्रजी येते, खासदारांचे ई-मेल पत्ते सापडतात, गावी गेल्यावर आमदार चहाला बोलावतात. रायगड आणि रत्नागिरीच्या लोकप्रतिनिधींना लिहायच्या पत्राचा मराठी मसुदा आम्ही तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी याच ई-मेलला उत्तर द्यावे, आणि आपला तालुका कळवावा, म्हणजे पत्र कुणाच्या नावे जायला हवे ते ठरवता येईल.

– संपादक