किडनीचे पथ्य सरसकट नको

‘किडनीच्या रुग्णांनी डाळ बंद करावी, रोज शहाळे प्यावे आणि साध्या मिठाऐवजी लो-सोडियम मीठ वापरावे’ असे सुचवणारे पत्र वाचले. पत्रलेखकाचा हेतू चांगला असला, तरी हा सल्ला अंगलट येऊ शकतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि लो-सोडियम मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते. दुबळी झालेली मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत. ते रक्तात साचले की हृदयाचे ठोके बिघडतात. साध्या मिठाऐवजी सैंधव घ्यावे, तर तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हेच खरे पथ्य. त्यात पापड, लोणचे, फरसाणही आले.

डाळीचेही तसेच. डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम प्रथिने सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. तेव्हा शेजारच्या काकांचे पथ्य आपल्याला लागू पडेलच असे नाही.

पोटॅशियम कमी करण्यासाठी आमच्याकडे बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडतात, ते पाणी ओतून देतात आणि मग लसूण-जिऱ्याची फोडणी घालतात. पोटॅशियम बरेच उतरते, चवही राहते. पण रक्तातले पोटॅशियम वाढलेलेच नसेल, तर फळे-भाज्या उगाच तोडण्याचीही गरज नसते. म्हणून ताटात काय वाढायचे, हे ताजा रक्ततपासणी अहवाल पाहून डॉक्टर व आहारतज्ज्ञांनीच ठरवावे.

– एका रुग्णाची मुलगी, सांगली