जकात उठली, वेस कोणी राखावयाची?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील बँका, रुग्णालये, साखर कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांच्या टेबलांवरील टेलिफोन दिसावयास पूर्वीसारखाच आहे. त्याच्या पाठीमागची तार मात्र बदलत चालली आहे. तांब्याची जोडतार जाऊन काचतंतू, म्हणजे ज्याला सारे जण फायबर म्हणतात तो येत आहे, आणि एक्स्चेंजशी थेट जोडलेल्या यंत्राच्या जागी संगणकजाळ्यावरून बोलणे वाहून नेणारी पेटी बसत आहे. या पेटीला तंत्रज्ञ 'व्हॉइस गेटवे' म्हणतात. बिल कमी होते, शाखा-शाखांतील बोलणे फुकट पडते, हे पाहून संचालक मंडळे ठराव मंजूर करतात आणि विषय संपतो. आमच्या मते विषय तेथे सुरू होतो. कारण या पेटीबरोबर जुन्या तारखात्याने न बोलता वाहिलेली एक जबाबदारी जागा सोडून गेली आहे, आणि ती आता कोणाकडे आहे याचे उत्तर ना विकणाऱ्याजवळ आहे, ना घेणाऱ्याजवळ.

गेटवे म्हणजे वेस. गावाच्या आतले व्यवहार एका रीतीने चालतात आणि बाहेरचे दुसऱ्या. दोहोंची गाठ वेशीत पडते. येथेही तसेच आहे. टेलिफोनच्या जुन्या जगात दोन बोलणाऱ्यांमध्ये एक अखंड वाट राखून ठेवली जाई व बोलणे संपेपर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळत नसे. संगणकजाळ्यात अशी राखीव वाट नसते. आवाजाचे दर सेकंदास आठ हजार नमुने घ्यावयाचे, त्यांचे आकडे करावयाचे, एक पंचासांश सेकंदाचे आकडे एका पुडक्यात बांधावयाचे आणि पुडकी वाटेला लावावयाची; पलीकडे ती उलगडून पुन्हा आवाज करावयाचा. बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द निघाल्यापासून ऐकणाऱ्याच्या कानी पडेपर्यंत दीडशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला की संभाषणात माणसे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. ही सारी उलथापालथ करून एका जगातला आवाज दुसऱ्या जगात सोडणारी पेटी ती गेटवे. व्हॉट्सॲपवरून मुलाशी बोलताना ही वेस ओलांडावी लागत नाही, कारण दोन्ही टोके जाळ्याच्या आतच असतात; त्या बोलण्यातून साध्या टेलिफोनचा क्रमांक लागत नाही याचेही कारण तेच.

या वेशीवर आपल्या सरकारने पुष्कळ वर्षे कडक पहारा ठेवला. त्याचे मूळ १८८५ च्या तार कायद्यात आहे. तार उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार त्या कायद्याने सरकारने स्वतःकडे घेतला. तारेवर ज्याचा ताबा त्याचे राज्य, हे इंग्रजांना ठाऊक होते. आणि १९४२ नंतर ज्यांनी याच मुलखात प्रतिसरकार चालविले त्यांनाही ते ठाऊक होते, म्हणून तर त्यांनी तारा तोडल्या. स्वातंत्र्यानंतर कायदा तसाच राहिला, त्यामागचा हेतू मात्र हळूहळू पालटला. राज्य राखण्यापेक्षा महसूल राखण्याकडे तो अधिक झुकला.

ज्यांनी एस.टी.डी. बूथचे दिवस पाहिले आहेत त्यांना हा महसूल कसा गोळा होई ते सांगावयास नको. सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत एकच जिल्हा होते. सांगलीला काही काळ दक्षिण सातारा हेच नाव होते. पण टेलिफोनच्या हिशेबात साताऱ्याचा संकेतांक ०२१६२ आणि सांगलीचा ०२३३, आणि मध्ये अंतराप्रमाणे वाढत जाणारा दर. खानापूर-विट्याकडची गलाईवाली मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात पांगलेली. त्यांच्या घरची माणसे रात्री दर उतरण्याची वाट पाहत बूथबाहेर ताटकळत. काचेच्या खोलीतील तांबड्या आकड्यांकडे डोळा ठेवून बोलावयाचे आणि आकडा फार पुढे सरकण्याच्या आत प्रकृतीची चौकशी आटोपावयाची, ही त्या काळची संभाषणकला होती.

अशा काळात आवाज जाळ्यावरून जाऊ लागला. जाळ्याला अंतर समजत नाही. त्याला साताऱ्याहून सांगली आणि साताऱ्याहून सिंगापूर सारखेच. तेव्हा वेस मोकळी सोडली तर जकात बुडणार, हे उघड होते. १ एप्रिल २००२ पासून सरकारने इंटरनेटवरील दूरध्वनीस परवानगी दिली खरी. पण ती अशी की सांगलीतील संगणकावरून न्यूयॉर्कमधील टेलिफोनवर बोलावयास मुभा, साताऱ्यातील टेलिफोनवर बोलावयास बंदी! एखाद्या संस्थेने दोन्ही शहरांतील कचेऱ्या खाजगी वाहिनीने जोडल्या, तर साताऱ्याच्या कारकुनाने सांगलीच्या कारकुनाशी बोलावे; मात्र ते बोलणे सांगलीच्या कचेरीतून गावातील एक्स्चेंजमध्ये उतरवावयाचे नाही. हा नियम पाळता यावा म्हणून सिस्कोसारख्या अमेरिकन कंपनीस आपल्या यंत्रणेत 'लॉजिकल पार्टिशनिंग' नावाची एक अदृश्य भिंत घालण्याची सोय करावी लागली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००८ साली ही बंदी उठविण्याची शिफारस केली. सरकारने त्यावर दहा वर्षे विचार केला. ट्रायने २०१७ च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच सांगितले तेव्हा कोठे जून २०१८ मध्ये परवान्यांच्या अटी सुधारल्या गेल्या, आणि परवानाधारक कंपन्यांना जाळ्यावरील बोलणे देशातील कोणत्याही टेलिफोनवर पोचविता येऊ लागले.

गंमत अशी की ज्या जकातीसाठी हा पहारा होता ती तोवर उठूनच गेली होती. मार्च २००६ मध्ये भारत संचार निगमने देशभर एक रुपया मिनिट हा दर आणला, तेव्हा अंतराची किंमत जवळजवळ संपली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे जाळे सुरू झाले. त्यात प्रत्येक बोलणे मुळातच पुडक्यांतून जाते. एका कंपनीचे बोलणे दुसरीने पोचविल्याबद्दल द्यावयाचा आकार २०१७ मध्ये मिनिटास चौदा पैशांवरून सहा पैशांवर आला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. आज ज्याला आपण साधा टेलिफोन म्हणतो तोही वाटेत कोठे ना कोठे पुडके होतोच. ज्या दारावर इतकी वर्षे शिपाई उभा केला त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीच पडल्या.

एका जागी मात्र जकात अजून टिकून आहे, ती परदेशातून येणाऱ्या बोलण्यावर. म्हणून तेथे चोरवाटाही आहेत. परदेशातील बोलणे इंटरनेटवरून आणावयाचे, शेकडो सिमकार्डे खोचलेल्या पेटीतून ते स्थानिक बोलणे म्हणून बाहेर सोडावयाचे, आणि मधला पैसा खिशात घालावयाचा, असा हा उद्योग. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने २०१७ साली लातुरात आणि २०२४ साली पुण्याच्या कोंढव्यात अशी बेकायदा एक्स्चेंजेस पकडली. कोंढव्यात साडेतीन हजारांहून अधिक सिमकार्डे सापडली. येथे बुडणारा महसूल ही गौण बाब आहे. बोलणारा कोण व कोठला हे लपते, ही खरी हानी. परक्या देशात बसलेला भामटा भारतीय क्रमांक पुढे करतो आणि 'पोलीस ठाण्यातून बोलतो आहे' असे सांगून पेन्शनरांची आयुष्याची पुंजी उपसतो. सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे बनावट बोलणे अडविणारी यंत्रणा बसविली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख बोलणी अडली. महसुलासाठी पहारा देता देता ओळखीचा पहारा किती ढिला राहिला होता, याचे माप या एका आकड्यात आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जुन्या टेलिफोनने ग्राहकाला न मागता दोन गोष्टी दिल्या होत्या. पहिली म्हणजे वीज. तांब्याच्या तारेवरील टेलिफोनला घरच्या विजेची गरज नसे; एक्स्चेंजमधील अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटऱ्या त्याच तारेतून त्याला जागा ठेवीत. गाव अंधारात असले तरी टेलिफोन वाजे. दुसरी गोष्ट ठिकाण. तार ज्या घरी गेली तेथेच टेलिफोन, त्यामुळे क्रमांक समजला की पत्ता समजला. काचतंतूतून वीज वाहत नाही. भिंतीवरील पेटीला घरची वीज लागते आणि ती गेली की टेलिफोन मुका. आणि जाळ्यावरील क्रमांक कोठेही नेता येतो, म्हणून क्रमांकावरून पत्ता ठरत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना ही चिंता कशास? ज्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेलेली पाहिली, ते असे म्हणणार नाहीत. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. मोबाईलच्या मनोऱ्यालाही वीज लागते आणि वीज गेल्यावर बॅटरी व डिझेल लागते. रस्ते पाण्याखाली असताना डिझेल पोचत नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर कोसळले तेव्हाही रस्ते तुटून मदत पोचण्यास विलंब झाला. पुराच्या पाण्यात तांब्याची एक्स्चेंजेसही बुडत, हे आम्ही विसरलो नाही. पण बुडेपर्यंत ती बोलत असत. तीन वाटांपैकी एक वाट बंद होत असताना उरलेल्या दोन एकाच विजेच्या खांबाला बांधलेल्या असाव्यात, हे शहाणपणाचे नव्हे.

ठिकाणाचा प्रश्न याहून अवघड आहे. समजा, एखाद्या संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात व शाखा जतला आहे. काटकसर म्हणून साऱ्या शाखांचे बोलणे जाळ्यावरून साताऱ्यास आणून एकाच गेटवेतून बाहेर सोडले जाते. जतच्या शाखेत आग लागली आणि शिपायाने ११२ फिरविला, तर तो क्रमांक साताऱ्याचा म्हणून उमटेल. राज्यातील ११२ चे बोलणे प्रथम नवी मुंबई वा नागपूर येथील केंद्रात जाते. तेथील कर्मचाऱ्याला जत ठाऊक असावे अशी अपेक्षा कशी करावी? त्याच्या पडद्यावर साताऱ्याचा पत्ता, आणि आग दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर! घाबरलेल्या माणसाने पत्ता नीट सांगावा हे खरे; पण 'माळवाडी' एवढेच सांगितले तर आपल्याकडे माळवाड्या काय थोड्या आहेत? ट्रायने २०१७ च्या शिफारशींत जाळ्यावरील दूरध्वनीस आपत्कालीन क्रमांकाची सक्ती नको, ग्राहकाला मर्यादेची कल्पना द्यावी, एवढ्यावर भागविले. नव्या सेवेला आरंभी ओझे नको, हा युक्तिवाद त्या वेळी समजण्यासारखा होता. सेवा सार्वत्रिक झाल्यावर तो टिकत नाही.

अन्य देशांना हा धडा सहज मिळालेला नाही. अमेरिकेत टेक्सासमधील एका हॉटेलात डिसेंबर २०१३ मध्ये एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत शिकविल्याप्रमाणे ९११ फिरविला. एकदा नव्हे, चारदा. बोलणे लागले नाही, कारण हॉटेलच्या यंत्रणेत बाहेरच्या बोलण्यासाठी आधी ९ दाबावा लागे. आई गेली. त्या मुलीच्या आजोबांनी पाठपुरावा केला आणि २०१८ साली कायदा झाला की अशा यंत्रणेतून आपत्कालीन क्रमांक थेट लागलाच पाहिजे. तत्पूर्वी २००५ मध्येच टेलिफोनशी जोडलेल्या जाळ्यावरील सेवेस ९११ सक्तीचा झाला होता. ब्रिटनच्या नियामकाने २०१८ मध्ये सांगितले की वीज गेल्यावर किमान एक तास तरी आपत्कालीन बोलणे करता यावे अशी सोय कंपनीने द्यावी. तेथे जुने जाळे बंद करण्याची मुदत वृद्ध व आजारी ग्राहकांच्या काळजीने जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. आपल्याकडे किती कचेऱ्यांच्या यंत्रणेत ११२ च्या आधी शून्य दाबावा लागतो, याची मोजदाद कोणी केली आहे काय?

संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार कायदा केला तो १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. त्याखालील नियमांत दोन वाक्ये हवीत: संस्थेच्या गेटवेतून ११२ कोणताही आगाऊ आकडा न दाबता लागावा, आणि बोलणे ज्या शाखेतून निघाले तिचा पत्ता त्याबरोबर जावा. हे तंत्रदृष्ट्या अशक्य नाही. शाखेपुरती एक स्थानिक जोडणी ठेवली आणि आपत्कालीन बोलणे तीमधून सोडले तरी पुष्कळ काम भागते. विजेचा प्रश्न तर पैशाचाच आहे, आणि तोही थोड्या. पेटीला चार तास जागी ठेवणारी बॅटरी ही काही संस्थेचे दिवाळे काढणारी वस्तू नव्हे. निविदेत तिचा उल्लेख नसतो, कारण सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावयाची असते.

दिल्लीच्या नियमांची वाट न पाहता जिल्ह्यात करता येण्याजोगे बरेच आहे. दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी आपापल्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, आणि पावसाळ्यापूर्वी बोटी, दोरखंड व औषधे यांचा आढावा घेण्याची रीत आहे. त्या यादीत टेलिफोनची एक ओळ घालावी. रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, धरणांची कार्यालये, तहसील कचेऱ्या आणि नदीकाठच्या बँका यांच्या गेटवेला बॅटरी आहे की नाही, ती किती तास टिकते आणि शेवटची केव्हा तपासली, हे लेखी मागवावे. आणि मे महिन्यातील एका दिवशी, केंद्राला आगाऊ सूचना देऊन, जत किंवा पाटणच्या एखाद्या कार्यालयात विजेचे मुख्य बटण बंद करावे, टेबलावरील टेलिफोनवरून ११२ फिरवावा आणि पलीकडच्या कर्मचाऱ्याने कोणता पत्ता वाचून दाखविला तो लिहून घ्यावा.