पिशवीतला नी-पॅड गुडघा वाचवत नाही

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधील तरुण-तरुणी गिअरच्या सायकली घेऊन टेकड्या चढू लागले आहेत. पूर्वी सायकल म्हणजे कामावर जाण्याचे, दूध आणि वर्तमानपत्रे टाकण्याचे साधन होते. आता तीच सायकल रविवारी सकाळी मुरमाच्या वाटेवर, धरणाच्या काठाने, सह्याद्रीच्या घाटवाटांवर दिसते. दम वाढतो, साखर-रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते, मोबाइल दोन तास खिशात राहतो. हा बदल आम्हांला मनापासून आवडतो. म्हणूनच या पानावर आज एका साध्या वस्तूविषयी आमचे मत स्पष्टपणे मांडायचे आहे. ती वस्तू म्हणजे नी-पॅड, गुडघ्याचे कवच.

हेल्मेटविषयी आता घरोघरी बोलले जाते. गुडघ्याविषयी मात्र दोन टोकांच्या समजुती दिसतात. एक, "खरचटले तर खरचटले, त्यात काय?" दुसरी, "घ्यायचाच तर दुकानातला सगळ्यांत जाड आणि कडक घ्यायचा." पहिल्या समजुतीचा तोटा उघड आहे. दुसरीचा तोटा लवकर कळत नाही. जाड, कडक पॅड विकत घेतला जातो, दोन रविवार घातला जातो, तिसऱ्या रविवारी हँडलला लटकतो आणि चौथ्या रविवारी घरीच राहतो. मग पडायची वेळ येते तेव्हा गुडघा उघडाच असतो.

आमचे म्हणणे इतकेच आहे की नी-पॅडची पहिली कसोटी जाडी नसून तो अंगावर किती सोसवतो ही आहे. निघाल्यापासून घरी येईपर्यंत जो पायावर राहतो, तोच आपल्या कामाचा. आराम ही इथे चैन नाही, संरक्षणाची ती पहिली अट आहे.

गुडघाच का?

गुडघ्याची वाटी हाताने चाचपून पाहा. वर कातडी, खाली लगेच हाड. मांडीवर जसे मांसाचे आवरण आहे, तसे इथे काहीच नाही. कातडी आणि वाटी यांच्यामध्ये द्रवाची एक पातळ पिशवी असते. मार बसला की तीच सुजून गुडघा चेंडूसारखा फुगतो. उतारावर पुढचे चाक मुरमावर घसरले की माणूस बहुधा एका अंगावर पडतो आणि गुडघा, कोपर, तळहात आधी जमिनीला लागतात. आपल्याकडच्या वाटांवर सुटी खडी असते, काळ्या कातळाचे कंगोरे असतात, कोकणात जांभा असतो. यावर घासलेला गुडघा नुसता खरचटत नाही, त्यात बारीक खडे रुततात.

ज्याला आजारपणाची पगारी रजा आहे, त्याचे दोन आठवडे घरी बसून निभते. पण आपल्यातले कितीतरी जण रोजावर किंवा फेऱ्यांच्या हिशेबाने काम करतात. कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. तिथे मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते. मैदानी चाचणीच्या महिनाभर आधी गुडघा सुजला, तर एक वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते. सायकल सोडा असे आम्ही म्हणत नाही. गुडघा झाका, असे म्हणतो.

दोन तासांत ८४०० वेळा

पॅड सोसवण्यावर आमचा एवढा भर का, हे एका हिशेबाने कळेल. मिनिटाला ७० पायडल मारणारा स्वार दोन तासांत ८४०० वेळा प्रत्येक गुडघा वाकवतो आणि सरळ करतो. पॅडची शिवण लवणीत, म्हणजे गुडघ्याच्या मागच्या खोबणीत, जरा जरी टोचत असेल, तर ती ८४०० वेळा टोचणार. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि घाम. अर्ध्या तासात कातडी लाल होते, एका तासात सोलवटते आणि स्वार थांबून पॅड काढतो. हा त्याचा आळस नव्हे, चुकीच्या निवडीचा परिणाम आहे.

मोटारसायकल शर्यतीचे बिजागरीवाले गार्ड किंवा स्केटिंगचे कडक वाटीचे पॅड या खेळाला जड पडतात ते यामुळेच. मोटारसायकलवर गुडघा बहुतेक वेळ एकाच कोनात असतो. सायकलवर गुडघा हेच इंजिन आहे.

बाजारात काय मिळते?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, मोज्यासारखा पायात चढवायचा ताणता पॅड. पुढे मऊ गादी, मागे जाळीचे कापड, वर मांडीला धरून राहणारी रबरी पट्टी. चढ, सपाट, उतार अशा मिश्र वाटेसाठी आम्ही हाच सुचवू. दुसरा, पट्ट्यांचा किंवा चेनचा उघडता पॅड. बूट न काढता घालता येतो, थोडा जाड असतो, पण पट्ट्या सैल पडल्या की फिरतो. तिसरा, बाहेरून कडक कवचाचा. जीप-टेम्पोने वर जाऊन फक्त तीव्र उतार उतरणाऱ्यांसाठी तो ठीक आहे.

पहिल्या प्रकारातली गादी हाताने दाबली तर मऊ लागते आणि आपटली तर क्षणभर घट्ट होते. डीथ्रीओ हे अशा पदार्थांतले प्रसिद्ध नाव. म्हणून "एवढे मऊ काय वाचवणार?" हा दुकानातला नेहमीचा प्रश्न चुकीचा आहे. मऊ असणे हा दोष नाही. नुसता स्पंजचा तुकडा असणे हा दोष आहे.

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? पॅडवर नुसते 'सीई' छापलेले पाहून समाधान मानू नका. 'ईएन १६२१-१' हा मानक क्रमांक शोधा. हे युरोपीय मानक मुळात मोटारसायकलस्वारांसाठी आहे, पण डोंगरी सायकलीच्या पॅडचे चांगले उत्पादकही त्यानुसार चाचणी करून घेतात. चाचणीत ५० ज्यूल ऊर्जेचा आघात दिला जातो. ढोबळपणे सांगायचे तर पाच किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे तसा. पॅडमधून पलीकडे पोहोचणारे बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिले तर पातळी १ आणि २० किलोन्यूटनच्या आत राहिले तर पातळी २. लेबलवरचे इंग्रजी 'के' हे अक्षर गुडघ्यासाठी असते. 'टी' पुढे अधिकचे चिन्ह असेल, तर तो पॅड ४० अंश सेल्सिअसलाही तपासलेला आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी हे चिन्ह आवर्जून पाहावे, कारण अशा काही गाद्या उन्हात जास्त मऊ पडतात.

पातळी २ चा पॅड जास्त आघात अडवतो, पण बहुधा जाडही असतो. आमचे मत असे की नेहमीच्या टेकडीवाटेसाठी अंगाला नीट बसणारा पातळी १ चा पॅड हा न सोसवणाऱ्या पातळी २ च्या पॅडपेक्षा बरा. दोन्ही सारखेच सोसवत असतील, तर अर्थातच पातळी २ चा घ्या.

सांगोवांगी नको, घालून पाहा

मित्राने घेतला, व्हिडिओत कोणी वाखाणला, म्हणून आपणही घेतला, असे करू नका. त्याची मांडी आणि तुमची मांडी वेगळी. प्रत्येक कंपनीचा 'मीडियम'ही वेगळा. घरी टेपने मांडीचा आणि पोटरीचा घेर मोजा. गुडघ्यापासून किती सेंटिमीटरवर मोजायचे ते कंपनीच्या तक्त्यात दिलेले असते. मग दुकानात या गोष्टी पारखून घ्या.

पॅड घालून स्टुलावर बसा. वाटी गादीच्या मधोमध आहे की नाही, हे गुडघा वाकलेला असताना पाहायचे, कारण सायकलवर तो वाकलेलाच असतो. मग वीस उठाबशा काढा आणि जिना चढून-उतरून या. पॅड खाली घसरला किंवा बाजूला फिरला, तर माप मोठे आहे. पॅड हाताने धरून जोरात खाली ओढा. हाताने निघत असेल, तर जमिनीवर घासताना तो नक्की निघणार.

नंतर निदान दहा मिनिटे पॅड पायावर राहू द्या. लवणीत कापडाची जाड घडी पडते का? वरची पट्टी मांडीत रुतते का? एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्याजवळून पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जाणारी नस कातडीच्या अगदी जवळून जाते. पट्टी तिथे आवळली, तर नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू बधिर होते, मुंग्या येतात. असा पॅड "वापरून सैल होईल" या भरवशावर घेऊ नका.

मुलांसाठी आणि मुलींसाठी

आपल्याकडे मुलांचे कपडे, बूट वाढत्या अंगाचे घेतले जातात. गणवेशाला ते चालते, नी-पॅडला चालत नाही. सैल पॅड पडताक्षणी नडगीवर उतरतो आणि वाटी उघडी पडते. शिवाय पॅड घातला आहे या भरवशावर मूल वेग वाढवते. मुलाला आजच्या मापाचाच पॅड घ्या. तो लहान झाला की धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला द्या.

मुलींना आणि महिलांना पुरुषांच्या मापाचा पॅड पुष्कळदा मांडीला घट्ट आणि गुडघ्याखाली सैल होतो. काही कंपन्या महिलांच्या मापाचे पॅड करतात, ते विचारून घ्या. पातळ, मोज्यासारखा पॅड ट्रॅकपँटच्या आत सहज बसतो, त्यामुळे कपड्यांच्या अडचणीमुळे मुलीला पॅडशिवाय पाठवायची गरज नाही.

पॅड काय करत नाही?

नी-पॅड आघात आणि घासणे यांपासून वाचवतो. पाय अडकून गुडघा पिरगळला, तर आतले अस्थिबंध तो वाचवू शकत नाही. "हा घातला की गुडघ्याला काहीच होणार नाही" असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. तसेच औषधाच्या दुकानात मिळणारी नी-कॅप म्हणजे नी-पॅड नव्हे. तिच्यात आघात झेलणारी गादीच नसते.

सायकल चालवताना न पडताच गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखत असेल, तर पॅड घेण्याआधी सीटची उंची पाहा. सीट फार खाली असणे हे त्याचे नेहमीचे कारण. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहावा.

पडलात आणि खरचटले, तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, माती, टूथपेस्ट काही लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवा आणि शंका असेल तर दवाखान्यात विचारा. जखम खोल असेल, चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा वाटीवर बोट ठेवताच कळ येत असेल, तर मालिश करणाऱ्याकडे न जाता डॉक्टरांकडे जा. एक्स-रे लागेल की नाही ते त्यांना ठरवू द्या.

पैशाचा प्रश्न

चांगला जोड काही हजारांत जातो, हे आम्ही जाणतो. सायकलच हप्त्यावर घेतलेली असताना तो खर्च डोळ्यांवर येतो. यावर आमची एक सूचना आहे. जिथे पाच-सहा जण मिळून सायकलवर जातात, तिथे मंडळाने वर्गणीतून दोन-तीन मापांचे जोड आणून ठेवावेत. नव्या मुलांनी ते महिनाभर घालून पाहावेत, धुऊन परत करावेत आणि आपले माप व प्रकार कळल्यावरच स्वतःचा जोड घ्यावा. एकट्याने चुकीचे दोन जोड घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते. जुना जोड घ्यायचा असेल, तर गादीला तडा गेला नाही ना आणि इलॅस्टिक ओढल्यावर परत आखडते ना, हे पाहून घ्या.

घेतलेला जोड टिकवणेही आपल्याच हातात आहे. प्रत्येक फेरीनंतर गादी निघत असेल तर काढून कापड साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. ओलसर, घामट पॅड पुन्हा घातला की खाज आणि नायटा ठरलेला. स्कूटरच्या डिकीत किंवा गच्चीवर उन्हात तो टाकून ठेवू नका.

येत्या रविवारी निघण्यापूर्वी घरातला पॅड बाहेर काढा, घालून वीस उठाबशा काढा. तो घसरत असेल, टोचत असेल, बधिर करत असेल, तर जोड कितीही महाग असो, तो तुमचा नाही. बदलून मिळत असेल तर बदला, नाहीतर ज्याला नीट बसेल त्याला द्या आणि आपल्या पायाचा शोधा.