तीस पायऱ्या

माझा एक भाचा नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये असतो. गेल्या पावसाळ्यात त्याने हेलसिंकीहून एक छायाचित्र पाठवले. खाली दगडी फरशीचा प्रशस्त चौक, एका बाजूला उंच चढत गेलेल्या रुंद पायऱ्या, त्या पायऱ्यांच्या माथ्यावर हिरव्या घुमटाचे पांढरेशुभ्र चर्च आणि चौकाच्या मधोमध एका राजाचा पुतळा. खाली ओळ होती : ‘मामा, ओळखा पाहू, आमच्या चौकातला हा राजा कोण?’

मास्तर माणसाला कोणी प्रश्न विचारला की त्याला उत्तर देण्यावाचून गत्यंतर नसते. मी ठोकून दिले, ‘फिनलंडचा जुना राजा असणार.’ उत्तर आले, ‘नापास! हा रशियाचा झार. दुसरा अलेक्झांडर.’

नापास झाल्याचे वाईट वाटले नाही. माझ्या मनात घोळत राहिले ते दोन शब्द. एक ‘आमच्या’. गोंदियाचा पोरगा, तीन वर्षे झाली नाहीत तोच तिथला चौक ‘आमचा’ म्हणू लागला! आणि दुसरा ‘झार’. ज्या देशाने रशियाच्या अमलाखाली शंभरावर वर्षे काढली, त्याने राजधानीच्या ऐन मध्यावर झाराचा पुतळा अजून उभा ठेवावा, हे काय गौडबंगाल?

मग मी वाचायला बसलो, आणि पुष्कळ गमतीच्या गोष्टी हाती लागल्या. १८०९ साली फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, लढाईच्या धामधुमीत, हेलसिंकी हे लहानसे लाकडी गाव जळून गेले होते. १८१२ मध्ये झार पहिला अलेक्झांडर याने त्या जळक्या गावाला राजधानी केले. एऱ्हेनस्ट्रॉम नावाच्या माणसाने नगराचा आराखडा काढला आणि बर्लिनहून आलेल्या कार्ल लुडविग एंगेल या वास्तुशिल्पज्ञाने इमारती उठवल्या. पूर्वेला सेनेटची कचेरी १८२२ साली झाली, पश्चिमेला विद्यापीठ १८३२ साली, आणि उत्तरेच्या उंचवट्यावर चर्च. राज्य, विद्या आणि धर्म यांनी चौकाच्या तीन बाजू धरल्या. चौथी व्यापाऱ्यांच्या घरांना मिळाली. तिथे एका कोपऱ्यात १७५७ सालचे एका सावकाराचे दगडी घर अजून तग धरून आहे. चर्च पुरे व्हायला १८५२ साल उजाडले. एंगेल बिचारा १८४० मध्येच वारला होता. त्याच्यामागून आलेल्याने मोठ्या घुमटाभोवती चार छोटे घुमट आणि छपरावर बारा धर्मदूतांचे पुतळे चढवले. आपल्याकडे नाही का, सासऱ्याने बांधलेल्या घरावर जावई एखादा मजला चढवतो!

आता त्या झाराची कथा. दुसऱ्या अलेक्झांडरने १८६३ साली फिनलंडची बंद पडलेली विधिसभा पुन्हा भरवली. लोक ते विसरले नाहीत. १८९४ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. पायथ्याशी कायदा, प्रकाश, श्रम आणि शांती यांच्या मूर्ती बसवल्या. पुढे १८९९ पासून त्याच्याच नातवाने, दुसऱ्या निकोलसने, फिनलंडचे हक्क काढून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा लोकांनी काय करावे? त्यांनी आजोबाच्या पायाशी फुलांचा ढीग घातला! नातवाला न बोलता सांगितले की, कायदा पाळणारा राजा कसा असतो तो येऊन पाहून जा. झाराच्या पुतळ्याला झाराची फुले. पोलिसांनी पकडायचे तरी कोणाला आणि कोणत्या कलमाखाली? १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी पुतळा राहिला तो याच कारणाने. तो आता झाराचा उरलाच नव्हता.

हे सारे वाचता वाचता मला राहून राहून वाटत होते की ही जागा मी कुठेतरी पाहिली आहे. उंच पायऱ्या, ग्रीक धाटणीचे जाडजूड खांब, समोर मोकळी जागा. आणि मग एकदम आठवले. पाहिली आहे कसली, त्या पायऱ्यांनी एकदा मला परत पाठवले आहे!

मुंबईच्या कोटात, बंदराच्या बाजूला, टाउन हॉल आहे. हेलसिंकीत सेनेटची कचेरी उठत होती त्याच सुमारास, म्हणजे १८२१ साली, त्याचे काम सुरू झाले आणि १८३३ साली पुरे झाले. आराखडा कर्नल टॉमस कूपर याचा. तोही एंगेलसारखाच काम पुरे व्हायच्या आधी, १८२५ मध्ये वारला. पैशासाठी सोडत काढण्याची हिकमतही लढवून झाली. पण पैसे पुरले नाहीत आणि अखेर सरकारला हात घालावा लागला. पीटर्सबर्गच्या झाराला आणि लंडनच्या कंपनीला एकाच काळात एकच वेड लागले होते. जिंकलेल्या मुलखात अथेन्सचे खांब उभे करायचे आणि खालच्या माणसाने मान वर करून पाहावे इतक्या पायऱ्या घालायच्या. टाउन हॉलला त्या तीस आहेत.

समोरची जागा तेव्हा ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणून ओळखली जाई. हिरवळीपेक्षा तिथे कापसाच्या गाठीच जास्त दिसत. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला. पलीकडच्या टोकाला सेंट टॉमसचे देऊळ, १७१८ च्या नाताळात उघडलेले. चर्चगेट हे नाव ज्यावरून पडले ते चर्च हेच. त्याच्याकडे जाणारा कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. दरवाजा गेला, कोटही गेला, आणि स्टेशनाच्या पाटीवर नाव तेवढे राहिले. टाउन हॉलसमोरच्या झाडांखाली रोख्यांचे दलाल जमत आणि सौदे करत. पुढच्या शेअरबाजाराचे मूळ त्या सावलीत आहे.

या माळरानाचा देखणा चौक करावा ही कल्पना कुणा शिल्पज्ञाची नव्हे, एका पोलीस अधिकाऱ्याची! चार्ल्स फोर्जेट, १८५७ च्या काळात मुंबईचा पोलीसप्रमुख. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने ती उचलली आणि सर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत ती अमलात आली. नगरपालिकेने जागा घेतली, तिचे भूखंड पाडून विकले आणि वर नफाही कमावला. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ. १८७२ च्या सुमारास मधोमध गोल बाग आणि तिच्याभोवती एका उंचीच्या, एका घाटाच्या इमारतींची कमान उभी राहिली. दर्शनी भाग जेम्स स्कॉट याने आखले. तळमजल्याला कमानींची सलग पडवी आहे. मुंबईच्या पावसात अर्धा फेरा न भिजता घालता येतो. मला विचाराल तर साऱ्या वर्तुळातली खरी शहाणपणाची गोष्ट हीच. नाव पडले ‘एल्फिन्स्टन सर्कल’. हा एल्फिन्स्टन पेशवाईनंतरचा, आपल्या शाळा-पुस्तकांचा माउंटस्टुअर्ट नव्हे, त्याचा पुतण्या जॉन; परीक्षेत मुले या दोघांची हटकून गल्लत करतात, आणि कधी कधी मास्तरही.

आणि पुतळा? इथेही होता. लॉर्ड कॉर्नवॉलिसचा. बंगालमध्ये कायमधारा आणणारा तो हाच. वर घुमटी असल्यामुळे लोक त्या जागेला देऊळच समजत, फुले वाहत. हेलसिंकीच्या लोकांनी झाराला फुले वाहिली ती जाणूनबुजून. आमच्या लोकांनी वाहिली ती भाबडेपणाने. फरक केवढा आहे! १९६५ मध्ये मुंबईतले साहेबांचे पुतळे उचलले गेले, काहींची तोडफोड झाली, आणि कॉर्नवॉलिस भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जाऊन बसला. त्याच्याबद्दल मला हळहळ वाटत नाही. मात्र चौकाचे नाव बदलताना मुंबईने जे केले ते झाराच्या पुतळ्याच्या तोडीचे आहे. एका इंग्रज लॉर्डाचे नाव पुसले आणि त्या जागी दुसऱ्या इंग्रजाचेच लिहिले! बेंजामिन गाय हॉर्निमन, ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक. सरकारवर सडकून टीका करणाऱ्या या माणसाला १९१९ च्या एप्रिलमध्ये हद्दपार करून विलायतेला पाठवले. तिथे बसून त्यांनी जालियनवाला बागेची हकीकत जगापुढे मांडली, १९२६ मध्ये परत आले आणि १९४८ मध्ये इथेच गेले.

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे अशा जुन्या वस्तूंची सोय लावण्याची एक साधी रीत आहे. इकडचे तलाव गोंडराजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या नावावर गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. तेव्हा त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणू लागले आणि त्याचे झाले ‘मामा तलाव’! नावाला एक ‘माजी’ लावला, आणि धानाला पाणी देणे चालू. झारालाही ‘माजी’ लावला असता तर तोही कुणाचा तरी मामा झाला असता.

आता माझी गोष्ट. एम.ए.च्या वर्षाला असताना एका जुन्या मासिकाच्या अंकांसाठी मी नागपूरहून मुंबईला गेलो होतो. ते अंक एशियाटिक सोसायटीत, म्हणजे याच टाउन हॉलात, मिळतील असे कळले होते. १८०४ साली स्थापन झालेली ही संस्था. बाळशास्त्री जांभेकरांचे ताम्रपटांवरचे लेख तिच्या नियतकालिकात आले. भाऊ दाजी, महामहोपाध्याय काणे तिथे वावरले. मी पायऱ्यांखाली उभा राहिलो. पायात चपला, काखेत कापडी पिशवी. वर पाहिले. कुणी अडवले नाही, कुणी हटकले नाही. पण मला ते अंगण ओलांडवेना. मी बागेत जाऊन बाकावर बसलो, शेंगदाणे खाल्ले आणि ‘ग्रंथालय बंद होते’ असे सोबत्याला सांगून परत गेलो. दुसऱ्या दिवशी चढलो खरा. पण तो पहिला दिवस मी आजपर्यंत कोणाला सांगितला नव्हता. पायऱ्या बांधून दीडशेवर वर्षे झाली होती, बांधणारे निघून जाऊन पन्नास. तरी त्यांनी आपले काम चोख बजावले होते.

यंदा बी.ए.च्या मुलांची सहल मुंबईला नेली. दुपारी गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसला बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरलो. गेटवे, राणीची बाग हे ठरलेले होतेच. हॉर्निमन सर्कल मी माझ्या हट्टाने घुसवले. मुले पायऱ्यांवर बसून छायाचित्रे काढू लागली. सालेकशाकडची एक मुलगी, वर्गात क्वचितच तोंड उघडणारी, माझ्याजवळ आली आणि खांबांकडे पाहत म्हणाली, “सर, हे कोनाचं हाये?”

मला कूपर, कंपनी, सोडत सारे काही सांगता आले असते. मी म्हटले, “वर जाऊन विचारून ये.”

ती क्षणभर पायऱ्यांकडे पाहत राहिली, आणि माझ्या पोटात गोळा आला. मग तिने मैत्रिणीचा हात धरला आणि दोघी चढल्या. मी खाली मोजत राहिलो. पाचदहा मिनिटे गेली, पंधरा गेली. अर्ध्या तासाने दोघी उतरल्या.

“सर, आत वाचनालय हाये. मानसं बसून पेपर वाचून राह्यले. आमी बी वाचला.”

“आणि कोणाचं आहे ते विचारलंस?”

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “कोनी आमाले पुसलं नाही, तं आमी कायले पुसाव?”

आत जगन्नाथ शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे, तो पाहिलास का, असे विचारणार होतो. पण तेवढ्यात मुलांनी भेळवाला गाठला होता, आणि तिकडे लक्ष देणे भाग होते.

संध्याकाळी पायऱ्यांवरच्या मुलांचे छायाचित्र मी भाच्याला धाडले. खाली लिहिले, ‘ओळख पाहू, आमचा चौक कुठला?’

रात्री गाडीत त्याचे उत्तर आले : ‘मामा, हेलसिंकीला आलात आणि मला कळवलंही नाही? पण हे खांब आमच्याकडचे दिसत नाहीत. पोरं मात्र गोंदियाची वाटतात.’